हातात दिलेला चाकू

मित्रांनो, मला पाहून असे मागे सरू नका. मी चाकू आहे खरा, पण आता इतका म्हातारा झालोय की धारेपेक्षा माझी जीभच जास्त चालते.

माझा जन्म मद्रासच्या जॉर्ज टाउनमधला, एका लोहाराच्या भट्टीतला. त्याआधी मी एका लष्करी लॉरीच्या चाकावरच्या कमानीतला पाटा होतो. महायुद्ध संपलं, लॉरी मोडीत निघाली. लोहाराने मला लाल होईपर्यंत तापवलं, ठोकून ठोकून आकार दिला आणि चर्रकन पाण्यात बुडवलं. मग त्याने चिंचेच्या लाकडाची मूठ बसवली आणि कातड्याचं म्यान शिवलं. मूर मार्केटमधला विक्रेता मला उंच धरून ओरडायचा, "जंगलात, समुद्रात, संकटात! साहेबाच्या सुरीचं काम, गरिबाच्या खिशाला परवडणारं!"

हे ऐकून मी म्यानातल्या म्यानात फुगायचो. मला वाटायचं, आता माझी गाठ वाघाशीच पडणार.

मला विकत घेतलं राघोत्तमाने. हा एग्मोरला रेल्वेच्या कचेरीत कारकून होता. घराणं तंजावरकडचं मराठी. शिकारीची पुस्तकं वाचून वाचून त्याला वाटायचं, एक दिवस आपण डोंगरात जाऊ, झाडाखाली रात्र काढू, वेली कापून पूल बांधू. प्रत्यक्षात तो शहरालगतच्या गिंडीच्या रानापलीकडे कधी गेला नव्हता, आणि तिथूनही जेवायच्या वेळेला घरी यायचा.

घरी होती त्याची वहिनी कनका. राघोत्तमाची आई लवकर गेली, तेव्हापासून त्याला हिनेच वाढवलेलं. तिचा नवरा रेल्वेत गार्ड होता, महिन्यातले बरेच दिवस गाडीवरच असायचा.

"राघू, ही कत्ती कशाला? कोणाशी लढाईला निघालास?" तिने विचारलं. कत्ती म्हणजे तमिळमध्ये चाकू.

"वैनी, संकटात उपयोगी पडते."

"मग ठेव इकडं. आज फणस आणलाय. तेंच संकट."

तर मित्रांनो, वाघाऐवजी मला भेटला फणस. त्यानंतर शहाळी भेटली, सुतळ्या भेटल्या, घट्ट बसलेली डब्यांची झाकणं भेटली. पण कनका काम झालं की मला पुसायची, खोबरेलाचा हात लावायची. मला तेही गोड वाटायला लागलं.

त्या घरात एक रीत होती. चाकू कुणी कुणाच्या हातात द्यायचा नाही. जमिनीवर ठेवायचा, मग दुसऱ्याने उचलायचा. हातात दिला की दोघांत भांडण होतं, असं कनका मानायची. म्हणून मला रोज थंड फरशीवर टेकावं लागे.

मग राघोत्तमाचं लग्न झालं आणि साताऱ्याहून विद्युलता आली. मोकळ्या गळ्याची, भराभर बोलणारी, तितक्याच भराभर हसणारी. पहिल्याच आठवड्यात तिने भाजी चिरता चिरता मला सरळ कनकाच्या हातात दिलं.

"अय्यो! हातांत देऊं नये गे. खाली ठेवायचं. मग मी घेतें."

"का हो, जाऊबाई?"

"भांडण होतं."

"तुमचं-माझं? काहीतरीच!" म्हणून विद्युलता हसली.

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला बायका जमल्या. कनका दारात उभी राहून प्रेमाने म्हणाली, "या, या, अस्की जणी बसा." अस्की म्हणजे सगळं, सगळ्या. तंजावरकडच्या मराठी घरांत असंच म्हणतात. विद्युलतेला खुदकन हसू फुटलं. "अस्की? हे कुठलं मराठी, जाऊबाई?"

कनकाच्या हातातली कुंकवाची कोयरी तशीच राहिली.

"आमचंच," ती म्हणाली. "इतक्या पिढ्या परमुलखांत सांभाळलेलं." आणि आत निघून गेली.

विद्युलतेने काही वाईट मनात आणलं नव्हतं हो. पण माफी मागायची म्हणजे काय म्हणायचं, हे तिला सुचेना. आणि सुचलं तोवर उशीर झाला होता. दोघींचं बोलणं तुटलं. शेजारी उभ्या असल्या तरी बोलणं राघोत्तमाच्या मार्फत.

"राघू, विचार तिला, भात किती लावूं?"

"त्यांना सांगा, नेहमीइतका."

बिचारा राघोत्तम मधे उभा राहून दोन्हीकडे मान हलवायचा. आणि दोष कुणावर आला? माझ्यावर! "ती कत्ती हातांत दिली, तिथून हें सुरू झालं," असं म्हणून कनकाने मला ट्रंकेच्या तळाशी टाकलं. माझ्या पात्यावर गंजाचे ठिपके उठले. अंधारात पडल्या पडल्या मला एकच वाटायचं. माझ्यामुळे एक घर मुकं झालं असेल, तर मी जन्माला येऊन काय केलं?

एके दिवशी मयिलापूरला बारसं होतं. दोघी जावांना बरोबर जाणं भाग होतं. कनकाने आदल्या दिवशीच राघोत्तमाला सांगितलं होतं, "वाटेंत मूर मार्केटला ही कत्ती परत टाकून येतें. घरांत नको." तिने मला पिशवीत घातलं, आणि दोघी घोड्याच्या जटक्यात बसल्या. जटका म्हणजे गवतावर सतरंजी अंथरलेली दोन चाकांची पेटीच. आत दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या, आणि तोंडं मात्र दोन दिशांना.

कनकाचा घसा धरला होता. म्हणून लग्नातल्या पट्टुसाडीचा, म्हणजे रेशमी साडीचा, पदर तिने गळ्याभोवती लपेटून घेतला होता. पदराचं टोक बाजूच्या फटीतून बाहेर लोंबत होतं. ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण कुणी कुणाकडे बघतच नव्हतं.

बसचा भोंगा वाजला, घोडा बुजला आणि उधळला. पदराचं टोक चाकात गेलं. चाक फिरेल तसं रेशीम गुंडाळलं जाऊ लागलं आणि कनकाचं डोकं बाजूच्या फळीवर ओढलं गेलं.

"थांबवा! अहो, थांबवा!" विद्युलता किंचाळली. जटकावाला लगाम खेचत होता, पण घोडा ऐकेना. रेशीम काही केल्या तुटेना. कांचीपुरमचं ते, पिढ्यान्‌पिढ्या टिकावं म्हणून विणलेलं.

कनकाने चाचपडत मला पिशवीतून काढलं. स्वतःच्या मानेशी तिला पातं नेता येईना. आणि मित्रांनो, त्या घटकेलाही तिने काय करावं? विद्युलतेने उचलावं म्हणून तिने मला सतरंजीवर ठेवलं! जटका कलंडला, मी घसरलो आणि पुन्हा तिच्याच पायाशी गेलो. तिने मला परत उचललं. तिचे डोळे पांढरे होत होते.

विद्युलतेने तळहात पुढे केला. "अक्का, हातात द्या! नंतर काय भांडायचं ते भांडू!"

कनकाने मला तिच्या हातात दिलं.

विद्युलतेने आधी आपली दोन बोटं रेशमाखाली खुपसली, कनकाच्या गळ्याला पातं लागू नये म्हणून. मग मला ओढलं. गंजलेला होतो, पण त्या क्षणी जीव एकवटून चाललो. एक धागा, दुसरा, आणि टर्रकन पदर सुटला. विद्युलतेच्या बोटाला मात्र मी लागलोच.

जटका थांबला. दोघी रस्त्याच्या कडेला बसल्या. कनकाने धापा टाकत फाटका पदर मांडीवर घेतला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली,

"पट्टुसाडी फाडलीस की गे."

"फाडली."

"लग्नांतली होती."

"माहीत आहे," म्हणता म्हणता विद्युलता रडायलाच लागली. "तुम्ही आहात ना अक्का, मग अस्की आहे."

तिच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि कनका हसली. हसता हसता खोकली. फाटक्या पदराची एक चिंधी काढून तिने विद्युलतेच्या बोटाला बांधली.

राघोत्तमाला संध्याकाळी हे सगळं कळलं. घाबरून त्याने तीन तीनदा विचारलं, "वैनी, बरी आहेस ना?" आणि मग हळूच म्हणाला, "एवढं संकट आलं, आणि मी कचेरीत होतो!"

मी मूर मार्केटला गेलो नाही. मला घासलं, धार लावली, तेल दिलं. त्या घरची जुनी रीत मात्र बदलली. कनका आता मला विद्युलतेच्या हातातच देते. पातं धरते स्वतःकडे, मूठ करते तिच्याकडे, आणि म्हणते, "घे, भांड."

"भांडते की. आधी हा फणस तर संपू दे."

मित्रांनो, मला वापरून झालं की पुसा, कोरडं ठेवा, कधीमधी दोन थेंब तेल द्या. स्वस्तातली वस्तूही माया केली तर जन्मभर पुरते. आणि चाकू असो की शब्द, दुसऱ्याला देताना मूठ त्याच्याकडे करा.