शिक्का कुणावर मारला

हिर्डोशीच्या सरूबाईला त्या वर्षी कधी नव्हे तो संताप आला होता. गावात दरारा असलेल्या आनंदरावाच्या बैलांनी तिचा भाताच्या रोपांचा तरवा फस्त केला, आणि ती चावडीवर दाद मागायला गेली तर तोच वर म्हणाला, "बाईमानसानं चुलीपाशी बोलावं." सगळं गाव खाली मान घालून बसलं. नवरा सोनबासुद्धा. एकटा बांधाशेजारचा सावळाराम तेवढा म्हणाला, "बैल त्येंचंच हुतं. म्या बघितलं."

पुढं ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आनंदरावाची निशाणी छत्री, सावळारामाची कंदील. सोनबानं बजावलं, "छत्रीवर शिक्का मार. त्येंच्याशी वाकडं नको." सरूबाई मात्र आठ दिवस नाचणी दळताना दातओठ खात पुटपुटायची, कंदील, कंदील.

मतदानाला शाळेत रांग लागली. कागद आणि शिक्का घेऊन ती पोत्यांच्या आडोशाला गेली. आजवर तिला एवढं एकटं कुणी सोडलं नव्हतं. कुणी बघत नव्हतं, कुणी सांगत नव्हतं. डोकं बाहेर काढून तिनं विचारलं, "सायेब, कुठं मारू?"

रांग खदाखदा हसली. साहेब म्हणाले, "तुमची मर्जी, बाई. ते कुणाला सांगायचं नसतं."

मर्जी! हात आपसूक छत्रीवर गेला. शिक्का उठला आणि तिला हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याचाच दारापर्यंत येईतो तिला असा राग आला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी.

बाहेर आनंदराव उभा. "शाणी हायस," तो म्हणाला.

"तुमाला काय ठावं, म्या कुणाला दिलं?" ती कडाडली. आनंदराव चपापला.

घरी सोनबा म्हणाला, "छत्रीवरच मारलंस न्हवं? नुसतं व्हय म्हण."

व्हय म्हणणं खोटं नव्हतं. तरी ती म्हणाली, "न्हाई सांगायची."

त्यानं हात उगारला. ती जागची हलली नाही. "मारा. तरी न्हाई."

आनंदराव निवडून आला. चार दिवसांनी बांधावर सावळारामानं तिला हात जोडले. "वैनी, तुमी एकटीनं मला मत दिलंसा, समदं गाव म्हणतंय."

"भावजी, म्या छत्रीवरच मारला," सरूबाई म्हणाली. "भ्याले."

तो बघतच राहिला. "मग आनंदरावाला तसं का न्हाई सांगितलं?"

"त्येला का म्हून सांगू?" ती म्हणाली, आणि खुरपं उचलून चालू लागली.