उरलेली अक्षरं

सन अठ्ठ्याण्णवला मी कोपरगावच्या एसटी स्टँडसमोर एका डीटीपी सेंटरमध्ये ऑपरेटर होतो. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं आणि श्रद्धांजल्या असं कामाचं स्वरूप होतं. माणूस जन्मला की आमच्याकडं कुणी यायचं नाही. नंतर मात्र कुठं ना कुठं सापडायचाच.

मार्चच्या एका सकाळी पुणतांब्याच्या विमलबाई आल्या. साठीच्या, पांढरं पातळ, हातात प्लॅस्टिकचा डबा. भाकरीचा असेल असं मला वाटलं. त्यांनी झाकण काढलं तर आत रुमाल, रुमालात आणखी एक रुमाल आणि त्यात एक फ्लॉपी.

"जयभीम बाळा. ह्याच्यात आमचं मालक हायेत," त्या म्हणाल्या.

मी जरा मागं सरकलो.

मालक म्हणजे त्यांचे यजमान, कचरू. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी केली, निवृत्त झाले आणि मग त्यांनी आपल्या आयुष्याचं पुस्तक सांगितलं. सांगितलं म्हणजे शब्दशः. पुणतांब्यात सूर्यभान नावाच्या एकाचं डीटीपीचं दुकान होतं. कचरूबाबा रोज दुपारी तिथं बसून बोलायचे आणि सूर्यभान टाईप करायचा. दोन महिन्यांत पुस्तक झालं. छापायच्या आधी बाबा गेले. कागदावर एक ओळ नव्हती. जे काही होतं ते ह्या फ्लॉपीत.

"येत्या पंधरा तारखेच्या रविवारी वर्ष व्हतंय. सगळे पाव्हने येनार. त्यांच्या हातात पुस्तक पायजे," विमलबाई म्हणाल्या. मग रुमालाची घडी घालत, "आन मला बी ऐकायचंय काय सांगितलं ते. दुपारी दोन-दोन तास बाहेर बोलायचे. घरी आलं की 'जेवन दे'. संपलं."

फ्लॉपी चालू झाली. फाईल उघडली. पडद्यावर आलं ते असं: *qw;X [kP L/; j]d*. पुढं एकेचाळीस पानं हेच.

आता हे समजून घेणं अवघड नाही. त्या वेळी कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. तो मनातल्या मनात इंग्रजीच लिहायचा, आणि फॉन्ट नावाची फाईल त्या इंग्रजी चिन्हांवर मराठी अक्षरांचे मुखवटे चढवायची. मुखवटे काढले की आतून हे निघायचं. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. एका दुकानात जो 'क' तो दुसऱ्या दुकानात 'ढ'. आमच्याकडं सात मराठी फॉन्ट होते. मी सातही लावून पाहिले. सात प्रकारची बडबड निघाली, एकात तर 'ज्ञज्ञज्ञ ऋ घोडा' असं आलं. घोडा योगायोगानं आला होता, पण त्या दिवसातला तोच एक अर्थपूर्ण शब्द होता.

"खराब झालंय आजी. हे मराठी नाही," मी म्हणालो.

विमलबाईंनी पडद्याकडं नीट पाहिलं. "छान तर दिसतंय की. वळीत हाय सगळं."

"अहो, पण वाचता येत नाही."

"मला कुटं येतंय? मला समदंच असं दिसतं," त्या म्हणाल्या. "तुजी लग्नपत्रिका बी अशीच, न् हे बी असंच."

त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, हवामान सांगावं तसं सांगितलं. मी मात्र पुन्हा त्या पडद्याकडं पाहिलं. एसटीची पाटी, रेशनकार्ड, औषधाची बाटली, सगळंच जर *qw;X [kP* असेल तर माणूस स्टँडवरून घरी कसा जातो, हा प्रश्न मला एकवीस वर्षांत पहिल्यांदा पडला.

मी सूर्यभानला फोन लावला. त्यानं दुकान बंद करून खतं-बियाण्यांचं काढलं होतं.

"फॉन्ट कोणता वापरला होता?"

"आपला स्वतःचा. नाव 'सूर्यभान बोल्ड'."

"तुम्ही फॉन्ट बनवला?"

"बनवला नाय, बदलला. कंपनीच्या फॉन्टमधली अक्षरं उचलून इकडची तिकडं ठेवली. म्हंजे गिऱ्हाईक फ्लॉपी घेऊन दुसऱ्या दुकानात गेलं तरी उघडणार नाय. परत आपल्याकडंच आलं पायजे."

"मग आता आलंय ना परत! द्या फॉन्ट."

"कॉम्प्युटर मेव्हण्याला दिला. त्यानं सगळं पुसून गेम टाकला." मग हळूच, "चांगला फॉन्ट होता राव."

"कोणतं अक्षर कुठं ठेवलं ते आठवतं का?"

"मला कधीच आठवत नव्हतं. बोटांना माहीत होतं. ती आता युरियात गेली."

असा माणूस. गिऱ्हाईक पळू नये म्हणून त्यानं इतकं मजबूत कुलूप केलं, की दुकान गेलं, कचरूबाबा गेले, किल्ली गेली आणि कुलूप तेवढं राहिलं.

मी आधी फाईलची एक प्रत काढून ठेवली, मग अंदाजानं एक अक्षर बदलून पाहिलं. संगणकाला सांगितलं, जिथं जिथं X आहे तिथं 'म' कर. मग इतर चिन्हांचंही तसंच; पण एकदा बदललेलं चिन्ह पुढच्या फेरीत पुन्हा बदलायचं आणि शेवटी 'म' वरच येऊन थांबायचं. चुकीच्या क्रमानं केल्यावर काय होतं ते मला पाच मिनिटांत कळलं. कचरूबाबांचं संपूर्ण आयुष्य एकेचाळीस पानं 'मममममम' असं झालं. प्रत ठेवली नसती तर त्या रविवारी पुणतांब्याच्या पाहुण्यांना बकरीचं आत्मचरित्र मिळालं असतं.

"काय म्हंतेत?" विमलबाईंनी विचारलं.

"काही नाही. विचार करताहेत."

मी वैतागून मूळ फाईल पुन्हा उघडली. "आणि सुरुवातच बघा ना आजी, सूर्यभान टाईप करता करता झोपला होता की काय. एक ओळ आहे, ती तीनदा. मग तीन ओळी. मग परत त्याच तीन, पुढं एक शब्द जोडून. मग परत त्याच तीन."

विमलबाई एकदम उठून उभ्या राहिल्या.

"तीनदा?"

"हो."

"न् मंग तीन, न् परत तीन, न् परत तीन?"

"हो."

"अरं लेकरा, ती वंदना हाय!" त्या म्हणाल्या. "आमचं मालक पानी भरायच्या मोटारीचं बटन दाबायच्या आदी बी वंदना घ्यायचे. पुस्तक काय तसंच सुरू करतील व्हय? त्याच्याफुडं पंचशील असंल. पाच वळी. समद्यांचा शेवट सारखाच."

मी पाहिलं. पाच ओळी होत्या. सगळ्यांचा शेवट सारखाच होता.

आमच्या घरी वंदना कुणाला येत नव्हती, आमच्याकडं आरत्या. पण विमलबाईंना ती तोंडपाठ होती. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि भर दुकानात सुरू केली. मी पडद्यावर बोट ठेवून एकेका आवाजाला एकेक चिन्ह बांधायला लागलो. पहिल्या शब्दाला इतकं बरोबर बसलं की मी खुर्चीतून अर्धा उठलो. दुसऱ्या शब्दाला त्या माझ्या पुढं निघून गेल्या.

"थांबा, थांबा! हळू."

त्या थांबल्या. "आता पयल्यापासून घ्यावी लागंल. मधूनच न्हाई येत."

मग पहिल्यापासून. मी अर्ध्यावर पोचायचो, त्या पुढं जायच्या, मी थांबवायचो, त्या पहिल्यापासून घ्यायच्या. दुपारपर्यंत तीसेक वेळा झाली असेल. ब्राह्मणगावचे एक पाटील पत्रिकेचं प्रूफ तपासायला आले होते. आधी त्यांनी टोपी काढली, मग बाकावर बसले, आणि विसाव्या वेळेला मी जिथं चुकलो तिथं त्यांनी मला दुरुस्त केलं.

संध्याकाळी माझ्याकडं कागदावर एक तक्ता होता. डावीकडं सूर्यभानची चिन्हं, उजवीकडं निळ्या पेनानं बारीक मराठी अक्षरं. तो भिंतीला चिकटवला आणि वंदनेपुढची पहिली ओळ वाचली:

"गाव पुणतांबा. नदी गोदावरी."

विमलबाईंनी पदर डोळ्याला लावला. मीही थोडा वेळ कीबोर्डवरची धूळ पुसली.

पण वंदनेत सगळी अक्षरं नसतात. काही सूर्यभानच्या पोतडीतच राहिली होती. त्या रोज सकाळच्या गाडीनं यायच्या आणि आम्ही असं वाचत जायचो: मी भोक येईल तिथं थांबायचो, विमलबाई भरायच्या.

"'काहीतरी-आ-काहीतरी-एत मास्तर मला दारात बसवायचे'..."

"शाळेत. दुसरं कुटं दारात बसवतेत?"

'श' मिळाला, 'ळ' मिळाला. विमलबाईंनी मिळवून दिलेलं अक्षर मी लाल स्केचपेननं मोठ्ठं लिहायचो, कारण ते त्यांचं होतं. निळी अक्षरं वंदनेची, लाल विमलबाईंची. प्रत्येक नव्या अक्षराला त्या विचारायच्या, "कंचं ते? दाव." मग भिंतीजवळ जाऊन बघायच्या, घरात आलेल्या नव्या सुनेचं तोंड बघावं तशा. 'ल' आला, 'ड' आला, 'झ' आला.

"'विमल काहीतरी-आर हुशार'..."

"लई लिवायचं आसंल त्यांना."

"लई नाही आजी. शेवटी 'र' आहे."

"मंग फार." आणि मग जरा लाजून, "परत वाच."

मी परत वाचलं. 'फ' लाल झाला.

तेविसाव्या पानावर साक्षरतेच्या वर्गाची गोष्ट आली. गावातल्या समाजमंदिरात बायकांसाठी वर्ग निघाला होता. मी वाचत होतो: "विमल तीन दिवस गेली. चौथ्या दिवशी तिनं पाटीवर स्वतःचं नाव काढून मला आणून दाखवलं. मी तिची..."

इथं भोक होतं. नवीनच दोन चिन्हं आणि मग काना.

"'मी तिची अमुक-तमुक-आ केली'. काय असेल आजी?"

विमलबाई भिंतीवरचा तक्ता बघत राहिल्या. इतक्या दिवसांत एकही भोक त्यांनी असं रिकामं सोडलं नव्हतं. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. म्हणून मी, शहाणा, सुचवत गेलो. "पूजा? पण 'ज' आहे आपल्याकडं. सेवा? 'स' पण आहे..."

"थट्टा," त्या म्हणाल्या.

मी टाईप केलं. बसलं.

"फुडं वाच."

"'चार लोक बसले होते, तेही हसले. ती परत वर्गाला गेली नाही. मी गावोगाव शिका म्हणून भाषणं करत फिरलो आणि माझ्या घरातली पाटी मी फोडली. हे पुस्तक तिला वाचता येणार नाही, त्याला कारण मी. हे तिला तोंडानं सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून सूर्यभानला सांगतो आहे.'"

बाहेर कंडक्टर श्रीरामपूर, श्रीरामपूर ओरडत होता.

"म्हंजे त्यांच्या ध्यानात हुतं," विमलबाई अखेर म्हणाल्या. "मला वाटलं इसरले." मग भिंतीकडं बोट केलं. "थ कंचा? लिव तांबड्यानं."

रविवारी पुस्तक पाहुण्यांच्या हातात होतं. कार्यक्रमाला मी गेलो होतो. सूर्यभानही आला होता. त्यानं पुस्तक उघडलं, पानं चाळली आणि म्हणाला, "मजकूर चांगला आहे. पण अक्षराला आपल्या फॉन्टची मजा नाय."

पुस्तकाचं काम संपलं होतं, त्यामुळं विमलबाई आता येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. आठवड्यानं त्या दारात उभ्या. घामाघूम.

"तुज्यामुळं मी राहात्याच्या गाडीत बसले."

"माझ्यामुळं?"

"दवाखान्याच्या कामाला आले हुते. परतीला स्टँडवर आले. रोज कुनाला तरी इचारते, आज म्हनलं आपन बघू. पयली गाडी आली, पाटीवर श न् ड. म्हनलं ही शिर्डीची, आपली न्हाई. बरोबर?"

"बरोबर." मी जरा सावध झालो. "तुम्हाला वाचता येतं?"

"मला लाल येतंय. निळं न्हाई," त्या म्हणाल्या. "तू निळं बारीक लिवलं न् लाल मोट्टं. पुणतांब्याची गाडी म्या आदी एकाला इचारून नीट बघून ठिवली हुती, तिच्यावर माजं एक बी अक्षर न्हाई. मंग मी ठरवलं, ज्या पाटीवर आपलं कायच न्हाई ती आपली गाडी. तशी एक आली न् बसले. शिर्डी गेल्यावर कंडक्टर म्हनला, मावशे, ही राहाता."

मी भिंतीवरच्या तक्त्याकडं पाहिलं. 'पुणतांबा' मधली सगळी अक्षरं निळी होती. 'राहाता' मधलीही. मी एका बाईला नकळत दहा अक्षरं शिकवली होती, आणि ती नेमकी अशी, की त्यांच्या जोरावर तिला फक्त दुसऱ्यांच्या गावाला जाता आलं असतं.

"हसू नगं," त्या म्हणाल्या.

"हसत नाही आजी."

खरंच हसत नव्हतो. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. मग एक पाटी काढली. नवी होती, कोपऱ्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच.

"उरलेली दे," विमलबाई म्हणाल्या.

मी खुर्ची ओढून दिली आणि पुस्तकाचं पहिलं, वंदनेचं पान उघडलं. उरलेली सगळी तिथंच होती. काय म्हणायचं ते त्यांना पाठ होतं. कुठं बोट ठेवायचं एवढंच मला दाखवायचं होतं. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, मग एक हात सोडवून बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं.

"हळू घ्या," मी म्हणालो.

"चुकलं तर पयल्यापासून घेऊ," त्या म्हणाल्या.