चार इंच की दोन?

मी एक जुना पिकअप बोलतोय. वय चोवीस, म्हणजे आमच्यात पंचेचाळिशीच. मुक्काम जर्मनीतलं लुडविग्सहाफेन. एकदा माझ्या हॉर्नला दचकून ऱ्हाइनमधलं मालवाहू जहाज उलटं फिरलं होतं. पटत नसेल तर जहाजाला विचारा.

माझा पहिला मालक द्राक्षमळेवाला. त्याच्या वाइनच्या पिंपांनी माझी पाठ भक्कम झाली, आणि नुसत्या वासानं तब्येत खूश! पुढे मी पद्माकरकडे आलो. हा पुण्याचा इंजिनिअर. टेकडीवर भाड्यानं घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यात मेथी आणि अळू लावतो. त्या वाटेवर एक दगड आहे. त्यावर माझं पोट तीनदा टेकलं. तिसऱ्यांदा ट्रॅक्टरनं ओढून काढलं तेव्हा त्याची बायको विभावरी म्हणाली, "आता परत अडकला ना, तर सरळ भंगारात!"

पद्माकर घाबरला. मी त्याच्याहून जास्त. घाईघाईनं त्यानं मोठे टायर आणून बसवले, स्टिअरिंग वळवलं, आणि ते मडगार्डला घासून असे किंचाळले की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. आधी मापं घ्यायची असतात, हे इंजिनिअरला मी कसं सांगणार? आता लांब स्प्रिंगा घालून मलाच वर उचलायला हवं होतं. पण किती?

"चार इंच!" पद्माकर म्हणाला. माझी छाती फुगली. चार इंचांत मला थेट आल्प्स दिसले असते.

"आणि आई कशी चढणार?" विभावरीनं विचारलं.

तिच्या आई, अहिल्याबाई, सांगलीहून आल्या होत्या. गुडघे कुरकुरणारे, तोरा शाबूत.

"मी हात देईन की."

"जावईबापू, तुमच्या हाताला लोंबकळत चढू? लोक काय म्हणतील?"

"आई, तिथे लोक नाहीतच. नुसती द्राक्षं आहेत," विभावरी म्हणाली.

"मग द्राक्षांपुढे शोभा करून घेऊ?"

शेवटी पद्माकरनं इंच-इंच जाडीच्या फळ्या रचून माझी चारही चाकं त्यांवर चढवली. चार फळ्या. अहिल्याबाईंनी पदर खोचला, पाय उचलला, तो हवेतच राहिला. तीन फळ्या. गुडघा बोलला. दोन फळ्या. बाई टुणकन आत!

"गेनाऊ! अगदी बरोबर!" विभावरीनं टाळी वाजवली.

पद्माकरचं तोंड उतरलं. पण त्यानं स्प्रिंगांचे कागद चाळले, तर माझ्या टायरचं माप दोन इंचांच्या संचापुढेच छापलेलं. तोच संच मला बसला. मग गाड्या पास करणाऱ्या ट्युफच्या तपासनीसानं माझ्याखाली वाकून पाहिलं, चाकं पूर्ण वळवून बघितली. कुठे घासणं नाही, किंचाळणं नाही. शिक्का बसला.

शनिवारी टेकडीवर गेलो. पुढच्या सीटवर अहिल्याबाई, मागच्या सीटवर श्वास रोखलेली विभावरी. दगड आला. मी डोळे मिटले. पोटाला लागला तो फक्त वारा!

"गेला की हो!" विभावरी ओरडली.

अहिल्याबाईंनी पदर सावरला. "जावईबापू, परत एकदा."

त्या दगडावरून आम्ही सात वेळा गेलो. मेथी खुडायची राहिलीच.

तर मंडळी, तुमच्याही दारात एखादी म्हातारी गाडी उभी असेल. भंगारवाल्याला फोन करण्याआधी जरा खाली वाकून तिला विचारा. कोण जाणे, बिचारीला दोनच इंच कमी पडत असतील.