ओंजळभर वाळू

ढप, ढप, ढप.

दुपारची वेळ. घरात सगळे आडवे झालेले, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि माझ्या तळाशी हा आवाज. खारीक मागचा पाय आपटून सांगते आहे, धोका आहे, लपा. मित्रांनो, लपायला दुसरं कुणी आता उरलेलं नाही. तरी ती सांगतेच आहे.

मी एक जुनी काचेची टाकी आहे आणि आज मी रागात आहे. काचेला कुठं राग येतो, असं म्हणू नका. तापली की ती तडकते, एवढं ध्यानात ठेवा.

माझा जन्म सोलापूरचा. एका कारागिरानं काचा कापल्या, कडा घासल्या, सांधे चिकटवले आणि मला काठोकाठ भरून रात्रभर ठेवलं. सकाळी खाली थेंबही नव्हता, तेव्हा तो स्वतःशीच हसला. भूम गावच्या मुजीबभाईंनी मला त्यांच्या चपलांच्या दुकानात आणलं. माझ्यात सोनेरी मासे सोडले. बाजाराच्या दिवशी खेड्यांतली पोरं माझ्या अंगाला नाक लावून उभी राहायची, आया ओढायच्या तरी हलायची नाहीत. लई कौतुक झालं माझं. पुढं पाणी बदलायचा कंटाळा आला. मासे एकेक करून उलटे तरंगले आणि मी घरी माळ्यावर गेले. मग माझ्यात कांदे ठेवले. कांद्यांबद्दल माझी तक्रार नाही. ते निदान कुणाच्या हौसेपायी मरत नाहीत.

मग फलकनं हट्ट धरला. फलक म्हणजे मुजीबभाईंची धाकटी लेक, नुकती शाळेत जाऊ लागलेली. तिला ससा हवा होता, आणि मुजीबभाईंनी आणले दोन जर्बिल. जर्बिल हा उंदराच्या कुळातला, पण वाळवंटातला जीव. अंग वाळूच्या रंगाचं, शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका. दोघी सख्ख्या बहिणी. फलकनं एकीला बादाम म्हटलं, दुसरीला खारीक. शेजारच्या प्रेमाबाई मुद्दाम बघायला आल्या आणि म्हणाल्या, "उंदीर इकत आणले व्हय? आमच्या घरचे न्यायचे की, लई माजलेत." सगळे पोट धरून हसले.

दाणे टाका, पाणी ठेवा, एवढंच दुकानदारानं सांगितलं होतं. यांना बिळं खणायला जाड थर लागतो, हे तो बोलला नाही आणि यांनी विचारलं नाही. कांदे काढून दोघींना माझ्यात ठेवलं, तळाशी वर्तमानपत्राचा एक कागद. दोघी दिवसभर कोपरा खरवडायच्या. काच खणून कुठं जाणार होत्या? फलकला वाटायचं, त्या नाचतात. तिची आई शाहीन मात्र कणीक मळता मळता थांबून त्यांच्याकडं बघत राहायची, स्वतःच्या पोळीचा तुकडा त्यांना द्यायची. तिचा जीव होता त्यांच्यावर. माझा राग म्हणूनच जास्त आहे.

ईदच्या आदल्या दिवशी घर धुऊन निघत होतं. फलकची दादी, बिबीजान, पलंगावर बसून सगळ्यांना कामं सांगत होत्या. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तोंडाला पाणी लावू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून त्यांच्या उशाशी मातीची एक कच्ची वीट होती. नमाजच्या आधी त्या विटेवर तळवे टेकवायच्या आणि हलकेच तोंडावरून, हातांवरून फिरवायच्या. पाणी चालत नसेल तेव्हा असं मातीनं पाक, म्हणजे शुद्ध होतात, त्याला तयम्मुम म्हणतात. सगळं घर त्यांना जपत होतं. त्यांच्या जवळून कुणी ओला हातसुद्धा झटकत नव्हतं.

त्याच म्हणाल्या, "शाहीन, उद्या पाव्हणे यायलेत. त्या दोघींना बी न्हाऊ घाल. पाक होऊ दे."

बादलीत पाणी, पाण्यात फलकचा शाम्पू आणि आधी बादाम. ती किंचाळली, तडफडली, मग तळहातात ताठ झाली. "झालं गं राणी, झालं," शाहीन म्हणत राहिली. फेस धुतला, टॉवेलानं पुसलं, लवकर वाळावं म्हणून पंख्याखाली ठेवलं. तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं आणि ती धावली, म्हणून खारीक वाचली. वाळवंटातल्या जिवाचे केस भिजले की अंगातली ऊब निघून जाते. रोजा सोडायच्या वेळेपर्यंत बादाम थंड पडली होती.

मुजीबभाईंनी दुकानदाराला फोन लावला. तो सहज म्हणाला, यांना पाण्यानं धुवायचं नसतं, वाळू द्यायची, लोळून साफ होतात. फलक रडत दुसरी बादाम मागत होती, तर म्हणाला, मोठं झालेलं जर्बिल परक्याला जवळ करत नाही, चावून जीव घेतं. हे सगळं त्याला माहीत होतं. विकताना तोंड उघडलं नव्हतं.

मुजीबभाईंनी शेजारच्या बांधकामावरून ओंजळभर वाळू आणली, चाळली, वाटीत ठेवली. खारकेनं वास घेतला, अंग टाकलं आणि लोळली. पुन्हा पुन्हा लोळली, मग बसून पुढच्या पायांनी तोंड पुसलं. बिबीजान काळ्या चष्म्यातून बघत होत्या.

"हे लेकरू तर तयम्मुम करायलंय," त्या हळूच म्हणाल्या. "आन् म्या त्याला पाणी घालाय लावलं."

मित्रांनो, तेव्हा मी तडकायची तेवढी राहिले. ज्या घरात पाण्याऐवजी मातीची वीट आणून ठेवतात, त्या घरात एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की या दोघींना पाणी चालतं का? तुमच्या मायेचं मला सांगू नका. माया शाहीनकडंही होती, त्या बादलीत हात घालतानाही होती. घरात जीव आणायचा असेल तर आधी विचारा, तो कुठला, काय खणतो, कशानं साफ होतो, कुणाशिवाय राहत नाही. विचारायचं नसेल तर माझ्यात कांदे ठेवा.

काल संध्याकाळी शाहीननं सुताराकडून जाड भुसा आणला आणि माझ्यात ढीग केला. भुसा सारखा करायला तिनं हात आत घातला, तशी खारीक पुढं आली. तिनं तो हात हुंगला. बोटं हुंगली, बोटांच्या बेचक्या हुंगल्या, नखांखाली नाक घातलं. तळहात उलटवायचा असावा तशी ती त्याच्या खाली शिरू लागली. शाहीननं हात काढला नाही.

फलक हनुवटी माझ्या काठावर टेकवून बघत होती.

"अम्मी," तिनं विचारलं, "हिला वाटायलंय का, बादामला तूच लपवलंस?"