तांबडीच्या गळ्यातलं लोढणं

मी बाभळीचा ओंडका बोलतोय. बांधावर होतो तोवर मला कुणी नावं ठेवली नाहीत. गाईच्या गळ्यात बांधलं आणि मी लोढणं झालो. नकोशा माणसालाही लोक माझंच नाव देतात, त्याला मी काय करणार?

पलूसकडच्या एका लहानशा शेतावर सुकुमारअण्णा आणि राजमतीकाकू राहत. त्यांची तांबडी नावाची गाय होती. लढाईचे दिवस होते ते. तांबडी रोज सुटून शेजारच्या लालासाहेबांच्या शाळूतून आडवी जायची. तक्रारींना कंटाळून अण्णांनी मला भोक पाडलं, दोर ओवला आणि तिच्या गळ्यात अडकवलं.

गोठ्यातलं सगळं मला खालून दिसे. काकू शेण काढत, गव्हाण झाडत, धार काढताना तांबडीशी सुखदुःखाच्या गोष्टी बोलत. अण्णा मात्र बैलांशी गोड बोलायचे आणि गाईवर ओरडायचे. ही कसली वाटणी, ते मला अजून उमगलेलं नाही.

पण मला खरं कुतूहल होतं ते तांबडीचं. मी तिच्या पायांत यायचो, गुडघ्यांवर आपटायचो. मला फार वाईट वाटे. तरी ती जायचीच! आणि गंमत म्हणजे, दोन्ही बाजूंना हुरड्याची कणसं असताना एकालाही तोंड लावायची नाही. शाळू मोडायचा तो माझ्या फरफटीनं. ती कुठं जाते हे फक्त मला ठाऊक होतं, पण सांगणार कसं?

एका सकाळी ती अशीच सुटली, आणि पाठोपाठ लालासाहेब अण्णांच्या दारात आले. तिथलं बोलणं मला नंतर कळलं, काकू धार काढताना तांबडीला सांगत होत्या तेव्हा.

"अण्णा, लय झालं आता. आख्खी ओळ आडवी केलीया तुमच्या गाईनं!"

"येत्या बाजाराला विकूनच टाकतो तिला," अण्णा कडाडले.

काकूंचा चेहरा उतरला. "आवं, वैरण तर गव्हाणीत तशीच पडलीया. भुकंनं पळत न्हाई ती. कुठं जाती, ते तरी बघू या की."

"कसं बघणार?"

काकूंनी खाली बोट दाखवलं. धुळीत माझी लांबच लांब रेघ उमटली होती.

रेघ धरून तिघं शाळूतून निघाले, ओढा ओलांडला आणि एका पडक्या खोपीशी आले. मातीच्या भिंतीला पांढरा खारट लोणा लागला होता. तांबडी डोळे मिटून तो चाटत होती. मी तिच्या पायाशी पडलो होतो.

काकूंनी भिंतीला बोट लावून जिभेवर टेकवलं. "मीठ! लढाईपायी मीठ मिळंना म्हणून हिच्या आंबोणातली, भिजवल्या खुराकातली मूठ मीच बंद केली. आन् वर गळ्यात ओंडका बांधला!" त्यांना रडू आवरेना.

अण्णा पुढे झाले. त्यांनी वाकून माझी गाठ सोडली.

लालासाहेब खाकरले. "माझ्याकडं थोडं खडेमीठ हाय. घिऊन जावा."

तांबडी परत कधी पळाली नाही. आता मी गोठ्यात असतो आणि काकू धार काढायला माझ्यावर बसतात. तुम्हाला एकच विनवणी आहे: कुणाच्या गळ्यात माझ्यासारखं काही बांधायच्या आधी एकदा त्याच्या मागोमाग जाऊन बघा.

तिच्या गुडघ्यांवर मी केलेल्या जखमांच्या जागी अजून केस उगवलेले नाहीत. तरी ती कधीकधी मान वळवून मला चाटते. का, कोण जाणे. माझ्यात तर मीठही नाही.