फुलांच्या दुकानातलं तळघर

कारखान्याला टाळं लागलं आणि थोरल्या भावावर धाकट्या भावजयीच्या हाताखाली काम करायची पाळी आली. ती एसी बसवण्याच्या धंद्यात मुरलेली, हा अगदीच नवखा. घरी ती त्याच्याशी खालच्या आवाजात बोलायची. कामावर मात्र "भावजी, चष्मा", "भावजी, हातमोजे" असा तिचा धोशा चालायचा.

"एवढ्याशा कामाला कशाला गं?" त्याने एकदा विचारून पाहिलं.

"डोळा जायला एवढासुद्धा वेळ लागत नाही," ती म्हणाली. पुढे त्याने तो विषय काढला नाही.

एका सकाळी दोघं फुलांच्या दुकानात दुरुस्तीला गेली. दुकानाखाली तळघर होतं आणि फुलं टिकावीत म्हणून ते अख्खं गार ठेवलेलं. जिन्याच्या पायथ्याशी मशीन, तर पार पलीकडच्या टोकाला उंच टेबलाशी उंच खुर्चीवर बसून फूलवाल्याचे वडील गुलाबाचे काटे काढत होते. म्हातारबुवा कानाने ठार बहिरे.

आधीच्या कारागिराने मशीनच्या सडक्या गॅसनळीवर नुसती चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेली होती. "हिला आत्ता हात नको. आधी गॅस टाकीत उतरवून घेऊ," भावजय म्हणतेय तोवर नळीनेच दगा दिला. फस्सकन फवारा उडाला. थोरल्याचा हातमोजा पांढरा पडून लाकडासारखा ताठ झाला आणि तळघरात धुकं पसरलं.

"आजोबा!" ती दोनदा ओरडली. म्हाताऱ्याने मान वर केली नाही. मधे सगळं धुकंच धुकं. तिने थोरल्याची बाही धरली आणि त्याला जिन्यावरून वर खेचलं.

वर फूलवाला समोरूनच धावत आला. "माझा बाप आहे खाली!"

"धरा त्यांना, भावजी."

थोरल्याने त्याला कवेत आवळलं. त्याने लाथा झाडल्या, शिव्या घातल्या, पण थोरल्याने पकड सोडली नाही.

"दादा, ऐका," ती म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. "हा गॅस हवेपेक्षा जड आहे. जमिनीलगत साचतो आणि तिथे श्वासाला हवाच उरत नाही. जिन्याने उतरलात तर तुम्हीच आधी आडवे व्हाल. आजोबा उंचावर बसलेत, म्हणून अजून वेळ आहे. टेबलाशी खिडकी आहे का?"

"आहे, फुटपाथला लागून. पण कधीची जाम झालीय."

शेजारच्या दुकानदाराला तिने अग्निशमन दलाला फोन लावायला सांगितलं, बाहेरच्या पेटीतून वीज तोडली आणि फुटपाथवर गुडघे टेकून पान्याने काच फोडली.

टेबलावर काचा पडल्या तसे म्हातारबुवा दचकले. चेहरा उतरलेला, डोळे जड. भुईवर पडलेली काठी घ्यायला ते वाकू लागले तशी ती त्यांच्यापुढे पाना हलवू लागली आणि दुसऱ्या हाताने खुणावत राहिली: खाली नको, वर, टेबलावर. म्हातारबुवा खुर्चीवर पाय ठेवून, गुलाब तुडवत टेबलावर चढले. तोवर तिने चौकटीतल्या काचा काढून टाकल्या होत्या. लेकाने एका बगलेत हात घातला, थोरल्याने दुसऱ्या, आणि म्हातारा फुटपाथवर आला.

भावजय लगेच जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. अग्निशमनवाल्यांनी मोठे पंखे लावून, उपकरणाने हवा तपासेपर्यंत तिने कुणाला पायरीसुद्धा उतरू दिली नाही. असं डोकं ठिकाणावर ठेवणारं माणूस थोरल्याने कारखान्यातल्या इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

म्हातारबुवांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "खिडकी कुणी फोडली?"

लेकाने भावजयीकडे बोट दाखवलं.

"बरं केलंस, पोरी. याला किती वर्षं सांगतोय, दुरुस्त कर म्हणून."

दुसऱ्या दिवशी नवी नळी जोडली. गळती तपासायला तिच्यात नायट्रोजन दाबून भरला, सांध्यांना साबणाचा फेस लावला आणि दाबमापकाच्या काट्यावर नजर ठेवून थोरला बसून राहिला. काटा हलत नव्हता. तरी ती म्हणाली, अजून थांबू.

इतक्यात धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, जेवायला कधी येताय?"

"ते तुझ्या बायकोला विचार," थोरला म्हणाला. "तिने सोडल्याशिवाय मी उठणार नाही."