पाकिटातला निळा

मित्रांनो, मी जुना आहे, पण वापरलेला नाही. निदान गेल्या वर्षापर्यंत तरी नव्हतो. मी एक वीतभर उंचीचा निळा यंत्रमानव आहे. माझ्या पाठीवर एक बटण आहे. ते दाबलं की माझे दोन्ही हात झटकन वर जातात. म्हणजे, जायला हवेत असं पाकिटावर छापलं होतं. सत्तावीस वर्षं मला स्वतःलाच त्याची खात्री नव्हती.

माझा जन्म हाँगकाँगमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखेच यंत्रमानव लाल रंगातही बनत. लाल भराभर खपायचे. निळे मात्र मुलांना आवडेनात, म्हणून कारखान्याने आम्हाला थोडेच बनवून सोडून दिलं. पुढे याच कारणाने पिकल्या केसांची माणसं मला शोधत फिरू लागली. मुलांनी नाकारलेल्या खेळण्याला मोठी माणसं दुर्मिळ म्हणतात. याचा मला अभिमान वाटायला हवा की नको, हे मी अजून ठरवलेलं नाही.

मला एर्लिंदा नावाच्या बाईने विकत घेतलं. ती फिलिपिन्समधल्या मारिकिना गावची. हाँगकाँगमध्ये एका कुटुंबाकडे घरकाम करायची. सुट्टी फक्त रविवारी. त्या दिवशी तिच्यासारख्या शेकडो बायका मोठमोठ्या इमारतींच्या सावलीत पुठ्ठे अंथरून बसत, जेवत, पत्रं लिहीत आणि घरी पाठवायचे खोके भरत. अशाच एका खोक्यात साबणाच्या वड्या, डबाबंद मांस आणि टॉवेल यांच्यामध्ये मी बसलो आणि समुद्र ओलांडून मारिकिनाला आलो. तिचा मुलगा रोडेल तेव्हा नऊ वर्षांचा होता.

त्याने मला उघडलं नाही.

कपाटाच्या काचेसमोर उभं राहून त्याने मला हळूच सांगितलं, "नानाय कायमची घरी आली ना, की त्या दिवशी तुझं पाकीट फोडणार. तिच्यासमोर. तोवर नाही." नानाय म्हणजे आई. हे त्याने मलाच सांगितलं, आणखी कोणालाही नाही. मी प्लास्टिकच्या आड होतो, त्यामुळे एखादा शब्द चुकीचा ऐकला असेन, पण अर्थ हाच होता.

एर्लिंदाचा करार दोन वर्षांचा होता. तो संपला की ती पंधरा दिवसांसाठी यायची आणि नवा करार करून परत जायची. दर खेपेला ती कपाटापाशी थांबायची, माझ्या न फोडलेल्या पाकिटाकडे बघायची आणि काही न बोलता पुढे जायची. रोडेल तिच्याकडे बघायचा आणि तोही बोलायचा नाही. मला दोघंही दिसत होते. मला बोलता येत नव्हतं.

रोडेल मोठा झाला. मारिकिनात बूट बनवणारे खूप, तोही त्यातलाच झाला. कातडं कापणं, तळ शिवणं, हे त्याचं काम. पहिल्या कमाईतून त्याने एक प्लास्टिकचा राक्षस आणला, मग एक अंतराळवीर. पुढे भिंत भरली, मीही कपाटातून तिथे आलो. सगळे पाकिटात, सगळे न फोडलेले. त्याच्यासारखी इतर माणसंही निघाली. दर रविवारी कोणाच्या तरी अंगणात ती जमायची, खेळण्यांची अदलाबदल करायची आणि एकमेकांच्या पाकिटांचे कोपरे भिंगातून तपासायची. तिथे माझं नाव झालं. न फोडलेला निळा! लोक मला हात लावण्याआधी हात धुवायचे.

एकदा मोठा पूर आला. घरात छातीभर पाणी चढलं. रोडेल मला डोक्यावर धरून माळ्यावर चढला आणि दूरदर्शन संच खाली तरंगत राहिला. एवढी काळजी माझी कोणी घेतली नव्हती. पण खरं सांगायचं तर, पाकिटातून बघताना पूर आणि उन्हाळा यांत मला फारसा फरक वाटला नाही.

गेल्या वर्षी एर्लिंदा कायमची घरी आली. आता माझा दिवस येणार असं मला वाटलं. तीन आठवडे गेले. रोडेलने मला दोनदा हातात घेतलं आणि दोनदा परत ठेवलं. इतकी वर्षं न फोडण्याची सवय लागलेला माणूस होता तो. एर्लिंदाला रोज पुसायची सवय होती. ती सकाळी फडकं घेऊन भिंतीवरचं एकेक पाकीट पुसायची. मला मात्र वगळायची.

चौथ्या रविवारी जोजित आला. जोजित दातांचा डॉक्टर, रोडेलपेक्षा वयाने लहान, म्हणून त्याला कुया म्हणजे दादा म्हणतो. आल्या आल्या त्याने पिशवीतून एक पाकीट काढून मेजावर ठेवलं. आत माझ्यासारखाच, पण लाल.

"बघ कुया, नखसुद्धा लागलेलं नाही. हा घे आणि निळा दे. वर माझा तो तीन डोक्यांचा राक्षसही ने."

"निळा द्यायचा नाही."

"दर वेळी हेच! अरे, लहानपणी लालच हवा होता म्हणून तूच सांगतोस ना सगळ्यांना?"

एर्लिंदा कॉफी आणि तांदळाच्या वाफवलेल्या वड्या घेऊन आली होती. ती तिथेच थांबली.

"देऊन टाक रे त्याला," ती म्हणाली. "टेपवर बोलणं भरून पाठवायचास, त्यात तीनदा लाल म्हणाला होतास. मला पाठ आहे. पण त्या रविवारी दुकानात लाल संपला होता, आणि खोका दुपारीच निघणार होता. चूक माझीच. म्हणून तर तू तो कधी फोडला नाहीस. मला काय कळत नव्हतं?"

रोडेल तिच्याकडे बघतच राहिला. "लाल नव्हता म्हणून फोडला नाही, असं वाटत होतं तुला? इतकी वर्षं?"

"मग कशाने?"

रोडेलने जोजितकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "तू आल्यावर फोडायचा होता."

"मी तर कितीदा आले की!"

"कायमची आल्यावर."

जोजितने हातातली वडी हळूच बशीत ठेवली. "नानाय, मी निघू का?"

"बस तू, वड्या संपव," एर्लिंदा म्हणाली. मग रोडेलकडे वळून, "आणि तू रे? मला येऊन तीन आठवडे झाले. मी काय खोक्यातून यायला हवी होते?"

रोडेल उठला आणि कातडं कापायची सुरी घेऊन आला.

"कुया, नको!" जोजित ओरडला. "अख्ख्या देशात असे दोन-तीन असतील!" त्याने डोळे मिटून घेतले. बघवत नाही म्हणाला. रोज लोकांचे दात उपटणारा माणूस!

सुरी फिरली. सत्तावीस वर्षं माझ्यासोबत असलेली हवा निघून गेली आणि कॉफीचा वास आला. रोडेलने मला बाहेर काढून आईच्या हातात दिलं. "तू दाब," तो म्हणाला.

एर्लिंदाने बटण दाबलं. माझा डावा हात झटकन वर गेला. उजवा निखळून सरळ बशीत पडला.

जोजितने एक डोळा उघडला आणि परत मिटला.

"रडू नकोस रे डॉक्टर," एर्लिंदा म्हणाली. "आतलं रबर गेलंय, दुसरं काही नाही." तिने केसांचं काळं रबर सोडलं, रोडेलकडून चिमटा मागून घेतला आणि माझ्या खांद्यात तो घालून कामाला लागली. तिची बोटं जराही अडखळली नाहीत. "मालकांच्या पोराकडे असाच होता. महिन्या-महिन्याला हात मोडायचा. जोडायला मीच."

रोडेल ते हात बघत होता. "त्याचा कोणता होता?"

"लाल," ती म्हणाली. "रोज पुसायचे मी तो. रोज तुझी आठवण यायची."

रोडेलने जोजितचं लाल पाकीट हळूच त्याच्या पिशवीत ठेवलं आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

आता मी भिंतीवर नाही. जेवणाच्या मेजावर, व्हिनेगरच्या बाटलीशेजारी उभा असतो. माझा उजवा हात डाव्यापेक्षा थोडा वर जातो आणि खांद्यातून काळं रबर दिसतं. रविवारच्या माणसांच्या लेखी माझी किंमत गेली. माझ्या अंगावर मोजून चार ओरखडे आहेत, आणि ते कुठून आले हे मला माहीत आहे. इतकी माहिती मला आधीच्या सत्तावीस वर्षांबद्दल देता येणार नाही.

मित्रांनो, उपदेश करण्याइतका अनुभव माझ्या गाठीशी नाही. तरी एक विनंती आहे. वस्तू जरूर जपा, पुरातसुद्धा जपा. पण जिच्यासाठी जपता, तिला एकदा तसं सांगा. आम्ही वस्तू सगळं ऐकतो, पण निरोप पोचवू शकत नाही.

एर्लिंदा सकाळी फडकं घेऊन येते. आधी भिंत पुसते, मग मेज, आणि सगळ्यात शेवटी मला. पुसून झालं की बटण दाबते आणि आत हाक मारते, "रोडेल, ऊठ! हा बघ, हात वर करून बसलाय."